गळ दुकानातून घ्या, पिसे बाजारातून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन खरेदीमुळे गावातली दुकाने बसत चालली आहेत, यावर वाचकांच्या पत्रांत अधूनमधून लिहिले जाते. त्यात कापड येते, मोबाइल येतो, किराणा येतो. गळ, तंगूस (गळाला बांधायची नायलॉनची दोरी), जाळी आणि शिसे विकणाऱ्या दुकानाचा विषय मात्र कुणी काढत नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक थोडे आणि बहुतेक पहाटे नदीवर असलेले. आम्ही जळगाव, भुसावळ, धुळे भागातले हौशी गळवाले. तापी, वाघूर, गिरणा, अनेर या पाण्यांवर फ्लाय टाकतो आणि त्या फ्लाय घरीच बांधतो. फ्लाय म्हणजे गळाच्या दांडीवर पिसे, केस, धागा, तार बांधून केलेला खोटा किडा किंवा खोटी मासोळी. जे या छंदात नाहीत त्यांनाही हे पत्र वाचता यावे म्हणून एवढी ओळख पुरे.

फ्लायचे सामान स्वस्तात कुठे मिळेल, हा प्रश्न नवीन माणूस पहिल्या दिवशी विचारतो, आणि त्याला उत्तर मिळते ते ऑनलाइन किटचे. एका डब्यात शंभर गळ, दहा रंगांची पिसे, चार रिळे, मणी, छोटा वाइस (फ्लाय बांधताना गळ घट्ट धरून ठेवणारा शिकंजा). दुसऱ्या बाजूला कुणीतरी सांगते, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, गावातल्या दुकानातून घे. आम्हाला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. फ्लायच्या सामानाचे दोन वाटे करावेत. ज्यावर मासा काठापर्यंत येणे अवलंबून आहे ते गळ, तंगूस आणि बारीक धागा मासेमारीच्या दुकानातून, हाताळून, तपासून घ्यावे. उरलेले पिसे, केस, तार, जर (साडीवरची जरतार), मणी, लोकर हे सगळे खान्देशातल्या अशा दुकानांत मिळते ज्यांचा मासेमारीशी काडीचा संबंध नाही, आणि किटच्या मानाने फार कमी पैशात मिळते. इथे वाचलेला पैसा चांगल्या गळात घालावा. हे नीट समजावे म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

गळापासून सुरुवात करू, कारण फ्लायचा खरा खर्च गळाचाच असतो. हिशोब करताना पाकिटावरची किंमत भागिले गळांची संख्या एवढेच पाहिले जाते. उदाहरण म्हणून समजा, शंभर गळांचा डबा २५० रुपयांना आहे आणि दुकानात सुटा गळ ६ रुपयांना. डब्यातला गळ अडीच रुपयांना पडला असे वाटते. पण त्या डब्यात ३ नंबरपासून १२ नंबरपर्यंत दहा मापांचे दहा-दहा गळ असतात आणि एक माणूस सहसा दोनच मापे वापरतो. म्हणजे कामाचे वीस, एक गळ साडेबारा रुपयांना. त्या विसांतले दहाला तीन या प्रमाणात नरम किंवा बोथट निघाले तर चौदा उरतात आणि गळ अठरा रुपयांच्या घरात जातो. दुकानदाराकडून पंचवीस गळ एकाच मापाचे मोजून घेतले तर दीडशे रुपये लागतात आणि प्रत्येक गळ तपासून घेता येतो. भाव आपापल्या गावचा घालून हा हिशोब कुणीही करून पाहावा.

तपासायचे कसे? गळ वाइसमध्ये किंवा चिमट्यात वाकावर घट्ट धरा आणि नेढ्याकडचे टोक अंगठ्याने दोन-तीन मिलिमीटर खाली दाबून सोडा. चांगला गळ टणकन जागेवर येतो. नरम गळ वाकलेलाच राहतो. त्यावर किलोभराचा मासा लागला की वाक उघडतो आणि मासा सुटतो. फार कडक, म्हणजे पोलाद तापवून पाणी देताना बिघडलेला गळ मोडतो, आणि तो मोडतो नेमका उलट्या काट्याच्या मुळाशी, जिथे पोलाद कापून काटा उचललेला असतो. नंतर टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढा. नखात रुतले तर धार आहे, घसरले तर नाही. तिसरी गोष्ट नेढे. नेढ्याची कडी नीट मिटलेली नसेल तर त्या फटीत तंगूस जाऊन कापला जातो, आणि माणूस दोष देतो गाठीला. भिंगाची गरज नाही; तंगूसाचा तुकडा नेढ्यातून ओवून चारी बाजूंनी फिरवा, कुठे अडकला की गळ बाजूला ठेवा.

आमच्याकडच्या दुकानांतही सगळे आलबेल नाही, हे सांगितले पाहिजे. इथे येणारा बहुतेक गळ गांडूळ, कणीक किंवा मासोळी लावून मासे धरणाऱ्यांसाठी असतो. त्याचे टोक बऱ्याचदा बाजूला कललेले असते, तार जाड असते आणि काहींना नेढ्याऐवजी चपटे टोक असते. आमिषासाठी हे सगळे योग्य. फ्लायसाठी कललेले टोक चालत नाही; पाण्यात ओढताना फ्लाय गिरक्या घेते आणि तंगूसाला पीळ पडतो. पक्कडीने ते सरळ करायला जाऊ नये, गळ तिथेच कमजोर होतो. दांडीवर आमिष अडकवायला खाचा पाडलेले गळही टाळावेत, कारण त्या खाचा बारीक धागा कापतात. दुकानात विचारताना नुसता नंबर सांगू नका. सरळ टोकाचा, नेढ्याचा, बिनखाचेचा असे तिन्ही शब्द सांगा. नंबर जितका मोठा तितका गळ लहान, आणि १ नंबरच्या पुढे मोठी मापे १/०, २/० अशी जातात, एवढे बहुतेकांना माहीत असते. पण एका कंपनीचा १० नंबर दुसरीच्या १० नंबराएवढा असेलच असे नाही. म्हणून जुना गळ सोबत न्या आणि टोक ते दांडी हे अंतर लावून पाहा.

तंगूसाच्या बाबतीत तर परदेशी रिळावर पैसे घालवणे आम्हाला अनाठायी वाटते. फ्लायच्या टोकाशी जो बारीक तंगूस लागतो तो परदेशात ३ एक्स, ५ एक्स अशा नावांनी विकतात. त्या आकड्याचा अर्थ सोपा आहे. ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उत्तर इंचाच्या हजाराव्या भागात जाडी. ३ एक्स म्हणजे ८ हजारांश इंच, जवळपास ०.२० मिमी; ५ एक्स म्हणजे ६ हजारांश, ०.१५ मिमी. आपल्या दुकानात ०.२० मिमीचा नायलॉन तंगूस मिळतो आणि चिलापी, लहान मरळ, अनेरच्या डोहातले मासे यांना तो पुरतो. मोठ्या मरळीला आणि शिंगाळ्याला ०.३० च्या खाली जाऊ नये. फक्त एक काळजी घ्या: काचेच्या शोकेसमध्ये उन्हात मांडलेले रीळ घेऊ नका. नायलॉन उन्हाने मरतो, आणि जळगावचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकतो. आतल्या फळीवरचे रीळ मागा, हातभर तंगूस सोडून त्यात एक साधी गाठ मारा, ओली करा आणि झटका द्या. सहज तुटला तर दुसरे रीळ.

धाग्यात माणसे हमखास फसतात. शिंप्याचा पॉलिस्टर धागा हाताशी असतो, म्हणून तोच वापरला जातो. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममध्ये वजन म्हणजे डेनियर. शिंप्याचा नेहमीचा धागा सुमारे २४० डेनियरचा असतो. फ्लायचा बारीक धागा ७० किंवा १४० डेनियरचा. म्हणजे शिंप्याच्या धाग्याचे दहा वेढे आणि ७० डेनियरच्या धाग्याचे तीस वेढे जवळपास एकाच वजनाचे. ६ नंबर आणि त्याहून मोठ्या गळावर शिंप्याचा धागा खुशाल चालवा. १२-१४ नंबरवर मात्र डोके फुगते, नेढे बुजते आणि नदीवर तंगूस ओवायला नेढे सापडत नाही. एका फ्लायला मीटर-दीड मीटर धागा लागतो, म्हणजे शंभर मीटरचे रीळ सत्तरएक फ्लायना पुरते. हा बारीक धागा आमच्या भागातल्या दुकानांत क्वचितच असतो, तो मागवावा लागतो. तो कसा मागवावा ते पुढे लिहितो.

आता पिसे. किटमधली रंगीत पिसे पाहायला सुरेख, पण ती बहुतेक कोवळ्या पांढऱ्या कोंबड्यांची असतात. दांडी ठिसूळ, तंतू मऊ, पाण्यात गेली की चिकटून काडी होते. चांगल्या पिसाला पुरता वाढलेला कोंबडा लागतो. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत कापला जातो, त्याच्या मानेवर कामाचे पीस उगवलेलेच नसते. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात आणि तिकडे धडगाव, अक्कलकुवा, नवापूर भागात पावरा आणि भिल्ल घरांतून गावठी कोंबडा पाळला जातो. वर्षाच्या आसपासचा तांबडा, काळा, करडा कोंबडा आठवडे बाजारात दिसतो. कोंबडी कापणाऱ्या दुकानदाराला आधी सांगून ठेवले तर तो मानेची आणि पाठीच्या शेवटची पिसे कातड्यासकट काढून देतो. त्याला ती फेकायचीच असतात, तरी त्याचे कष्ट म्हणून पैसे द्यावेत. पुढच्या वेळी तो नीट काढून ठेवतो.

या पिसाची मर्यादाही ओळखावी. अमेरिकेत खास फ्लायसाठी कोंबड्यांच्या जाती पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केल्या आहेत. त्यांच्या एका लांब पिसात तीन-चार तरंगत्या फ्लाय होतात. आपल्या गावठी कोंबड्याचे मानेचे पीस एका फ्लायपुरते, आणि बुडाकडचा भाग लोकरीसारखा मऊ असतो, तो पाणी पितो. बुडाचा हा भाग खरवडून टाकून टोकाकडचा चकचकीत भाग घेतला तर ८-१० नंबरची तरंगती फ्लाय चांगली होते. पिसाचा तंतू टोक आणि दांडीतल्या अंतराच्या दीड ते दोन पट असावा. त्याहून लांब झाला तर फ्लाय पाण्यावर कलंडते. बुडणाऱ्या फ्लायसाठी हाच मऊ भाग उत्तम, त्याला विकतचे काही लागत नाही. आणि खान्देशातले आपले निम्म्याहून जास्त काम बुडणाऱ्या फ्लायचेच आहे.

पिसे घरी आणल्यावर आळस करू नका. नवापूरने २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू पाहिला आणि २०२१ मध्ये पुन्हा हजारो पक्षी मारावे लागले, तेव्हा आजारी किंवा आपोआप मेलेल्या पक्ष्याचे पीस घेऊ नये आणि साथीच्या काळात पिसांची खरेदी बंदच ठेवावी. एरवीही कातड्यावरची चरबी बोथट सुरीने खरवडून, कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकून पिसे धुवावीत, दोन पाण्यांतून काढावीत, सावलीत वर्तमानपत्रावर पसरावीत. कातडे असेल तर आतल्या बाजूने टाकणखार चोळून आठवडाभर सुकवावे. मग प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तीन दिवस फ्रीजरमध्ये, दोन दिवस बाहेर, पुन्हा तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावे. मधले दोन दिवस मुद्दाम. पहिल्या थंडीतून काही वाचले असेल तर ते दुसऱ्या थंडीत मरते. हे न केल्यास एका पावसाळ्यात कसर सगळा डबा खाऊन टाकते. शेवटी डांबराची गोळी टाकून डबा बंद.

पिसांवरून कायद्याकडे यावे लागते, कारण स्वस्ताच्या नादात इथे माणूस खऱ्या अडचणीत येऊ शकतो. सातपुड्यातल्या रानकोंबड्याच्या मानेवरच्या ठिपकेदार पिसाला जुन्या विलायती फ्लायमध्ये फार मान आहे. रानकोंबडा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे. त्याचे पीस कुणी बाजारात दाखवले तरी हात लावू नका. मोराचे शेपटीचे गळून पडलेले पीस देशात बाळगायला कायद्याने सूट आहे, पण ते देशाबाहेर पाठवता येत नाही. बुडाशी रक्त किंवा मांस लागलेले, उपटल्याचे दिसणारे पीस घेऊ नये. शेतात पडलेले मोराचे एक पीस पन्नासएक फ्लायना सहज पुरते. तीन-चार तंतू धाग्याबरोबर पिळून गुंडाळले की ते दातांनी तुटत नाहीत, नुसते गुंडाळले तर दुसऱ्याच माशाला सुटतात. हरणाच्या केसांचे तर नावच काढू नका. परदेशी किटमध्ये हरणाचे केस म्हणून पुडी येते. ती तिकडच्या हरणाची असली तरी चितळ, सांबर की परदेशी, हे तपासणीत सिद्ध करायची वेळ आपल्यावर येते.

हरणाच्या केसांची आपल्याला गरजही नाही. मासोळीसारखी लांब फ्लाय बांधायला बकऱ्याच्या पाठीचे आणि शेपटीचे केस फार चांगले. पाच ते आठ सेंटिमीटर लांब, सरळ, पांढरे आणि काळे दोन्ही सहज मिळतात. तेलकटपणा जाईपर्यंत साबणाने धुवावेत, नाहीतर धाग्याच्या वेढ्यातून सटकतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात शेपटीचे कापून टाकलेले केस मिळतात, तेही जमवून ठेवण्यासारखे. नायलॉन येण्याआधी कित्येक शतके युरोपात गळाची दोरीच घोड्याच्या केसांची वळली जाई. आज त्या केसाचा उपयोग वेगळा आहे: बारीक गळावर एकाशेजारी एक वेढे दिले की किड्याच्या अंगावरच्या वळ्या हुबेहूब दिसतात. बांधण्याआधी केस अर्धा तास पाण्यात भिजवावा.

तांब्याची तार मासेमारीच्या पाकिटात घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. खान्देशात गावोगावी मोटार भरणारे (रिवाइंडिंगचे) दुकान आहे, कारण केळी आणि कापूस विहिरींच्या पंपांवर उभे आहेत. तिथे पंखा भरायची ३६ नंबरची तार मागा. तिची जाडी ०.१९ मिमी, गुंडाळ्या पाडायला अगदी योग्य. १४ नंबरच्या गळाला ३८ नंबर, ०.१५ मिमी. दहा ग्रॅम ३६ नंबर तार सुमारे ३८ मीटर भरते आणि एका फ्लायला पंधरा सेंटिमीटर लागते, म्हणजे अडीचशे फ्लायची सोय. जळालेल्या मोटारीतून उकललेली तार घेऊ नका. तिचे इनॅमल जळालेले असते, तार पाण्यात हिरवी पडते. वजनासाठी २६ नंबरची जाड तार दांडीवर दहा-बारा वेढे गुंडाळली की शिशाची गरज उरत नाही. शिसे विषारी आहे. त्याची पत्री दातांनी चावून बसवण्याची सवय काहींना असते, ती सोडावी.

जरतार सुरतेहून येते आणि ताप्ती व्हॅलीच्या गाडीने सुरत आपल्याला जवळच आहे. साडी-लेस विकणाऱ्या दुकानात प्लास्टिकची जर मागावी, तांब्यावर मुलामा दिलेली घेऊ नये. ती चार वेळा भिजली की काळी पडते. अंगासाठी लोकर घ्यायची तर अॅक्रिलिकची. ती सेंटिमीटरभर कापून दोन बोटांत चोळली की तंतू मोकळे होतात, आणि ती पाणी पीत नाही. खरी लोकर आणि आपला कापूस दोन्ही पाणी शोषतात, म्हणून ते बुडणाऱ्या फ्लायलाच. केळीच्या खोडाचा धागाही करून पाहण्यासारखा आहे. ओला असताना तो लवचिक असतो, सुकल्यावर आवळून बसतो. वर रोगणाचा हात दिला नाही तर मात्र तडकतो.

डोळ्यांसाठी किल्लीच्या साखळीतले गोल मणी वापरतात. दोन मण्यांचा तुकडा कापून, नेढ्यामागे दांडीच्या चौथ्या भागावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे बारा-पंधरा वेढे देऊन बसवायचा. वर-खाली बकऱ्याच्या केसांचा काडेपेटीतल्या काडीएवढा जाड झुबका आणि मध्ये जरीचे सहा-आठ धागे. ४ नंबर गळावरची ही फ्लाय मरळीला, शिंगाळ्याला आणि महाशीरला चालते. नवीन माणसाच्या हातून दोन चुका होतात: झुबका दुप्पट जाड घेतला जातो, मग फ्लाय बुडतच नाही, आणि नेढ्यामागे दोन मिमी जागा सोडली जात नाही, मग शेवटची गाठ नेढ्यावर चढते.

जड मण्यांत मात्र फसवणूक होते. टंगस्टनचे म्हणून विकलेले स्वस्त मणी पुष्कळदा रंगवलेल्या पितळेचे असतात. पितळेची घनता साधारण साडेआठ, टंगस्टनची एकोणीसच्या वर. जळगावात तरी हे ओळखणे अवघड नाही. सराफाच्या काट्यावर त्याच मापाचे दहा पितळी मणी आणि दहा संशयित मणी टाकून पाहा. वजन जवळपास दुप्पट भरले नाही तर टंगस्टन नाही. डोक्यावरच्या रोगणाला बांगड्यांच्या दुकानातले रंगहीन नेलपॉलिश पुरते, एक जाड थर देण्यापेक्षा पातळ दोन-तीन थर, प्रत्येक थरामागे वीस मिनिटे. झटपट चिकटणारा गोंद टाळा, त्याने धागा ठिसूळ होतो.

एवढे सगळे गावात मिळाल्यावर बाहेरून मागवण्यासारखे काय उरते? बारीक धागा, तरंगत्या फ्लायचा पातळ तारेचा १२-१४ नंबर गळ, आणि वाइस. स्वस्त वाइसचे जबडे नरम असतात. ४ नंबरचा गळ धरून अंगठ्याने दाबला की गळ फिरतो आणि जबड्यावर खाच पडते. ज्यांना लहान गळांवरच बांधायचे आहे त्यांना तो चालेल. मोठ्या गळांसाठी एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून पाणी दिलेल्या पोलादाचे जबडे करून घेणे हा आमच्या मते जास्त टिकाऊ मार्ग आहे.

आता दुकानाबद्दल, ज्यासाठी हे पत्र लिहितो आहोत. आमच्यासारखे हौशी त्या दुकानाचे मुख्य गिऱ्हाईक कधीच नव्हते. ते चालते भोई, कोळी आणि इतर मच्छीमारांवर, हतनूर धरणाच्या आणि गिरणेच्या पाण्यावर जाळे टाकणाऱ्यांवर. दुकानदार त्यांना जाळे वजनावर देतो, फाटलेल्या जाळ्याला लागणारा दोर तेवढाच कापून देतो, आणि पावसाळ्यात नदीला गढूळ पूर असताना हाती पैसा नसतो तेव्हा उधारीवर देतो. ही उधारी कोणतेही संकेतस्थळ देत नाही. त्यातले एक दुकान बंद झाले तर आम्हाला पाकीट चार दिवस उशिरा येईल, एवढेच. पण ज्याला उद्या पहाटे पाण्यावर जायचे आहे त्याला दोन गळ आणि पन्नास मीटर तंगूसासाठी एसटीने दुसरा तालुका गाठावा लागेल. आम्ही तिथे तंगूस, गळ आणि रीळ घेतले तर त्याच्या फळीवर चार मापे जास्त राहतात, आणि तीच मापे मच्छीमाराच्याही कामाला येतात. म्हणून दुकानात उभे राहून गळ हाताळायचा, नंबर समजून घ्यायचा, आणि घरी जाऊन तोच गळ दहा रुपयांनी स्वस्त मिळतो म्हणून मागवायचा, हे आम्हाला योग्य वाटत नाही. विचारून घेतलेल्या माहितीलाही किंमत आहे.

दुकानदारांकडेही मागणे आहे. गंज चढलेली जुनी पाकिटे तोंडाला ठेवू नयेत. पावसाळ्याआधी ती बाजूला काढावीत किंवा अर्ध्या भावात स्वतंत्र सांगून विकावीत. गळ सुटे मोजून द्यावेत, आणि बरणीवर नंबराबरोबर टोक सरळ की कललेले हे लिहावे. रीळ सूर्यप्रकाशात ठेवू नये. आणि मोठ्या शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल येताना आमच्या लहान मागण्याही त्यात घालाव्यात.

ही शेवटची गोष्ट जमण्यासारखी आहे. पाच-सहा जणांनी मिळून एकच यादी करायची: १२ आणि १४ नंबरचे सरळ टोकाचे, पातळ तारेचे, नेढ्याचे गळ प्रत्येकी शंभर, ८ नंबरचे लांब दांडीचे शंभर, ७० डेनियरची काळी, पांढरी, तपकिरी रिळे प्रत्येकी दोन, १४० डेनियरचे काळे एक. यादी लेखी द्यायची, निम्मी रक्कम आगाऊ द्यायची म्हणजे दुकानदाराचा पैसा अडकत नाही, आणि माल आल्यावर त्याच्याच ओट्यावर प्रत्येक पाकिटातले पाच गळ वर सांगितल्याप्रमाणे वाकवून पाहायचे. पाचांत दोन नापास झाले तर ते पाकीट परत, हे आधीच ठरवून घ्यायचे. उरलेला माल त्याने बरणीत टाकून सुटा विकावा. यादी दिवाळीनंतर द्यावी; तोवर पूर ओसरलेला असतो, तापीचे पाणी निवळू लागते आणि माल मार्गशीर्षाच्या आत हातात पडतो.

आपले,
गळ टाकणारे काही वाचक,
जळगाव, भुसावळ, धुळे